‘प्रोग्रेस ८’चा आकडा कसा वाचायचा?

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेचा निकाल म्हणजे सोळाव्या वर्षीची जीसीएसई परीक्षा. पण निकाल उत्तम लागला म्हणून शाळा उत्तम शिकवते असं ठरत नाही. आलेली मुलंच मुळात अभ्यासात पुढे असू शकतात. म्हणून २०१६पासून तिथल्या सरकारी शाळांचा ‘प्रोग्रेस ८’ हा आकडा जाहीर होऊ लागला. त्यात मुलाची तुलना होते ती अकराव्या वर्षी त्याच्याच पातळीवर असलेल्या देशभरातल्या मुलांशी.

ती पातळी प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या वाचन आणि गणिताच्या राष्ट्रीय चाचण्यांवरून ठरते. पाच वर्षांनी जीसीएसईच्या आठ विषयांच्या ग्रेडची (ते १ ते ९ अशा आकड्यांत असतात) बेरीज करतात. गणित दोनदा मोजतात. इंग्रजीही, मात्र भाषा आणि साहित्य हे दोन्ही पेपर दिले असतील तरच. एकूण दहा भाग, कमाल ९०. एखाद्या विषयाची जागा रिकामी राहिली तर तिथे शून्य. समजा, एका मुलीची बेरीज ५६ आणि तिच्या गटाची सरासरी ५१ आहे. फरक ५, त्याला १०ने भागून +०.५, म्हणजे दर विषयात सरासरी अर्धा ग्रेड जास्त. सगळ्या मुलांच्या अशा फरकांची सरासरी हा शाळेचा आकडा. शून्य आला तर शाळा देशाच्या सरासरीइतकी आहे, नापास नव्हे.

पालक बहुधा चुकतात ते पुढे. आकड्याशेजारी एक पट्टा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याची मर्यादा, दिलेला असतो, तो आधी पाहावा. परीक्षेला १०० मुलं असतील तर तो दोन्ही बाजूंना साधारण ०.२५ इतका असतो, २५च असतील तर ०.५. म्हणून २५ मुलांच्या शाळेचा +०.३ प्रत्यक्षात −०.२ ते +०.८ यांत कुठेही असू शकतो. पट्ट्यात शून्य येत असेल तर शाळा ‘सरासरी’ गटातच धरतात. +०.३ आणि +०.१ अशा दोन छोट्या शाळांत त्यावरून निवड करणं निरर्थक आहे.

शिवाय ‘त्याच्याच पातळीवर’ म्हणजे फक्त अकराव्या वर्षीचे गुण समान. घरची गरिबी, घरात बोलली जाणारी भाषा यांचा हिशेब त्यात नाही. घरी इंग्रजी न बोलणारी मुलं अकराव्या वर्षी वाचनात मागे असतात आणि पुढे भराभर भरून काढतात. अशी मुलं जास्त असलेल्या शाळेचा आकडा त्यामुळेही वर जातो. गरीब वस्तीत कष्टाने शिकवणाऱ्या शाळेवर मात्र अन्याय होतो, आणि तो छोटा नाही.

पुण्याहून किंवा नाशिकहून तेराव्या वर्षी तिथे गेलेल्या मुलाने ती चाचणी दिलेलीच नसते, म्हणून ते या गणतीतून वगळलं जातं. किती टक्के मुलं धरली आहेत, हेही तिथेच दिलेलं असतं.

कोविडमुळे २०२० आणि २०२१मध्ये प्राथमिकच्या चाचण्या झाल्या नाहीत. परिणामी २०२५ आणि २०२६च्या निकालांसाठी हा आकडा काढताच येत नाही. त्यामुळे शाळेच्या माहितीपत्रकात ‘प्रोग्रेस ८’ दिसला, तर तो २०२४चा आहे की त्याआधीचा, ते विचारून घ्यावं.