वॅक्सिंग, फेशियल आणि हातातले ग्लोव्ह्ज : पार्श्वभूमी

२८ जून २०२० पासून महाराष्ट्रातली सलून आणि ब्यूटी पार्लर पुन्हा उघडायला परवानगी मिळाली. काम करणाऱ्यांनी ग्लोव्ह्ज, एप्रन आणि मास्क वापरायचा, ही त्या परवानगीतली एक अट. त्याआधी बहुतेक पार्लरांत ग्लोव्ह्ज निघायचे ते केसांना डाय लावताना. वॅक्सिंग, थ्रेडिंग, फेशियल ही सगळी कामं उघड्या हातांनी व्हायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आज काही ठिकाणी दर गिऱ्हाइकाला नवी जोडी निघते, काही ठिकाणी मागितली तर मिळते आणि बऱ्याच ठिकाणी पुन्हा पूर्वीसारखंच चालू आहे.

डायपासून सुरुवात झाली, याला कारण आहे. ग्लोव्ह्ज मुळात समोरच्यासाठी नव्हतेच, ते घालणाऱ्याच्या हातांसाठी होते. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी मदत करणाऱ्या परिचारिकेचे हात पाऱ्याच्या जंतुनाशकाने सोलवटून निघाले. तिथल्या शल्यविशारदाने रबराच्या एका कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. त्याने रुग्णालाही संसर्ग कमी होतो, हे नंतर ध्यानात आलं. एकदा वापरून फेकायचे ग्लोव्ह्ज तर १९६० च्या दशकातले. आपल्याकडच्या पार्लरांतही क्रम हाच राहिला. केसांच्या काळ्या डायमध्ये असणाऱ्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी अनेकांना होते, बोटं आणि नखं काळी पडतात ती वेगळीच. म्हणून डायच्या खोक्यातच पारदर्शक प्लास्टिकचे पातळ ग्लोव्ह्ज येऊ लागले. गिऱ्हाइकाच्या त्वचेसाठी ग्लोव्ह्ज घालायचे हा विचार अजून दूर होता.

तो विचार यायला हवा होता एड्सच्या काळात. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली लागण चेन्नईत आढळली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणेने दवाखान्यांसाठी तत्त्व घालून दिलं की प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य आहे असंच समजून काम करायचं. नव्वदच्या दशकात ही भीती आपल्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचली. दगडावर परजलेला वस्तरा गेला, अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसताच 'नवीन ब्लेड टाका' म्हणू लागलं. फार मोठा बदल होता तो, आणि त्याचं श्रेय नाभिक व्यावसायिकांना पुरेसं दिलं गेलं नाही असं मला वाटतं. पार्लर मात्र या सगळ्यातून अलगद सुटलं. तिथे ब्लेड नव्हतं, म्हणून रक्तही नाही असं धरून चाललं गेलं.

वॅक्सिंगमध्ये रक्त येतं. केस मुळासकट निघतो, त्याबरोबर त्वचेचा वरचा पापुद्रा निघतो आणि काखेत किंवा बिकिनी लाइनला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात, हे काम करणारी प्रत्येक मुलगी जाणते. त्यात एचआयव्हीपेक्षा काळजी करावी अशी गोष्ट म्हणजे हेपेटायटिस बी, यकृताला बाधणारा विषाणू. तो एचआयव्हीच्या ५० ते १०० पट संसर्गजन्य मानला जातो आणि शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही किमान ७ दिवस टिकतो. शिवाय चामखीळ, मोलस्कम (विषाणूमुळे त्वचेवर येणारे बारीक दाणे), केसांच्या मुळांशी होणारे फोड आहेतच. वॅक्स गरम असतं म्हणून जंतू मरतात, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. हीटरमधलं वॅक्स अंगाला सोसवेल इतपतच गरम असतं. निर्जंतुक करायला लागणारं तापमान त्याच्या कितीतरी वर.

मग ग्लोव्ह्ज का आले नाहीत? पैसा हे एक कारण, पण माझ्या मते मोठं कारण नात्याचं आहे. आपल्याकडचं पार्लर बहुधा राहत्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू झालं. साखर आणि लिंबाचं घरी आटवलेलं वॅक्स, बोथट सुरी, जुन्या जीन्सच्या कापलेल्या आणि धुऊन पुन्हा वापरायच्या पट्ट्या. गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या काकू, मैत्रिणीची बहीण, सोसायटीतली नवी सून. अशा ओळखीच्या बाईला हात लावण्याआधी ग्लोव्ह्ज चढवले की 'मला काय रोग झालाय का?' हा प्रश्न यायचाच. स्पर्श टाळण्याचा आपल्या समाजातला इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रश्न किती जिव्हारी लागणारा आहे हे सांगायला नको. मालकिणी ग्लोव्ह्ज टाळत त्या निष्काळजी होत्या म्हणून नाही, त्यांना गिऱ्हाइकाचा मान राखायचा होता.

बिकिनी आणि पुढे ब्राझिलियन, म्हणजे गुप्तांगावरचे केस काढायचं, वॅक्सिंग मुंबई-पुण्यात रुळलं, तसं हे थोडं बदललं. ब्राझिलियन वॅक्सिंग जगभर नेलं ते न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली सलून उघडणाऱ्या ब्राझीलच्या बहिणींनी. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या मधुमेही तरुणीला अशा वॅक्सिंगनंतर जिवावर बेतणारा संसर्ग झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात आलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात दोन स्त्रिया रुग्णालयात गेल्यावर गुप्तांगाच्या वॅक्सिंगवर बंदीचा प्रस्ताव आला आणि सलूनवाल्यांच्या विरोधापुढे तो मागे पडला. आपल्याकडे एवढी चर्चाही झाली नाही, पण महागड्या सलूनमध्ये या कामासाठी ग्लोव्ह्ज दिसू लागले.

आता मुद्दा २०२० च्या आदेशाचा, कारण आजचा गोंधळ बराचसा तिथला आहे. केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग अशा मोजक्या सेवांना मुभा मिळाली आणि त्वचेशी संबंधित सेवा तूर्त बंद ठेवल्या गेल्या. तशी पाटी दुकानात लावायची होती. पार्लरवाल्यांनी लगेच विचारलं, आणि योग्यच विचारलं, की वॅक्सिंग त्वचेशी संबंधित नाही तर कशाशी? व्यवहारात अर्थ असा लावला गेला की फेशियल, क्लीनअप, ब्लीच बंद. गिऱ्हाइकाचा मास्क काढून पाऊण-एक तास चेहऱ्याशी चेहरा जवळ ठेवायचं काम नको, हात-पायांचं वॅक्सिंग मास्क ठेवून करता येतं, हा त्यामागचा विचार असावा. श्वासातून पसरणाऱ्या आजाराच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण मग थ्रेडिंगचं काय? वरच्या ओठाचं थ्रेडिंग मास्क ठेवून होत नाही. भुवयांचं करताना दोघींच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर असतं, आणि दोऱ्याचं टोक दातांत धरायची पद्धत सर्रास होती. ती मास्कमुळे सुटली आणि दोरा गळ्यात अडकवून काम करायला अनेकजणी तेव्हा शिकल्या. फेशियल बंद म्हणजे छोट्या पार्लरच्या कमाईचा मोठा भाग बंद. तीन महिन्यांच्या कुलुपानंतर उघडलेल्या दुकानाला ते परवडणारं नव्हतं, आणि ही तक्रार फारशी कुणी ऐकली नाही.

ग्लोव्ह्जच्या बाबतीत आदेशाची उणीव याहून खोल होती. कर्मचाऱ्यांनी ते वापरावेत, इतकंच म्हटलं गेलं. दर गिऱ्हाइकामागे बदलावेत, घालण्याआधी आणि काढल्यावर हात धुवावेत, हे नेमकेपणाने आलं नाही. परिणाम सगळ्यांनी पाहिला. सकाळी घातलेली जोडी संध्याकाळपर्यंत हातात आणि तिच्यावर मधूनमधून सॅनिटायझर चोळायचं. उघडा हात चिकट झाला की बाई तो धुते, ग्लोव्ह घातलेला हात धुवावासा वाटत नाही. दिवसभर एकच जोडी वापरण्यापेक्षा नीट धुतलेले हात बरे, असं मी ठामपणे म्हणेन. ग्लोव्ह्ज हा हात धुण्याला पर्याय नाही, हे जागतिक पातळीवरच्या मार्गदर्शनात २००९ पासून स्पष्ट आहे. करोनाविरुद्ध ग्लोव्ह्जचा उपयोग तसाही मर्यादित होता. रक्तातून आणि त्वचेतून पसरणाऱ्या ज्या रोगांसाठी ते खरोखर कामाचे, त्यांचा विचार त्या आदेशाच्या कक्षेतच नव्हता. घाईत, महासाथीच्या तोंडावर निघालेला आदेश होता तो, हे मान्य. पण त्यातून 'ग्लोव्ह घातला की झालं' ही समजूत पक्की झाली आणि ती आजही सुटलेली नाही.

त्याच महिन्यांत ग्लोव्ह्ज मिळेनासे झाले. जगातले सुमारे दोन तृतीयांश ग्लोव्ह्ज तेव्हा मलेशियात बनत. तिथेही कामगारांत साथ पसरली आणि २०२० च्या अखेरीस कारखाने बंद ठेवावे लागले. खोक्यांचे भाव अनेक पटींनी चढले. ऑगस्ट २०२० मध्ये नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या गोदामावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा वापरलेले ग्लोव्ह्ज धुऊन पुन्हा विकण्यासाठी गोण्यांत भरलेले सापडले. अशा बाजारात छोट्या पार्लरने काय घ्यायचं? अनेकींनी डायच्या खोक्यातलेच प्लास्टिकचे मोजे वॅक्सिंगला वापरले. ते बोटांवर सैल बसतात आणि वॅक्सला चिकटून फाटतात. लेटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबर, हाताला छान बसतं, पण तेल आणि पेट्रोलियम जेलीने कमकुवत होतं, आणि पार्लरमध्ये तेल नाही असं काम कुठलं? शिवाय लेटेक्सची ॲलर्जी आहेच. पावडर लावलेले ग्लोव्ह्ज तर अमेरिकेने २०१७ पासून वैद्यकीय वापरातूनच काढून टाकले. नायट्राइल हे कृत्रिम रबर या कामाला सर्वांत योग्य, आणि तेव्हा सर्वांत महाग तेच होतं.

१ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध उठले आणि त्याबरोबर ग्लोव्ह्जची अटही गेली. तिच्या जागी नवं काही आलं नाही. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा (मूळ कायद्यात १० पेक्षा) कमी कामगार असलेल्या दुकानाला केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी लागते, आणि बहुसंख्य पार्लर याच गटात येतात. बदल टिकवला तो मुख्यतः घरी येऊन सेवा देणाऱ्या ॲप कंपन्यांनी. गिऱ्हाइकासमोर फोडायचं सीलबंद पाकीट, त्यात एका वेळेपुरतं वॅक्स, पट्ट्या, ग्लोव्ह्ज. ते पाहिलेल्या बायका आता गल्लीतल्या पार्लरमध्येही नवी जोडी मागतात, आणि 'मला काय रोग झालाय का?' हा प्रश्न हळूहळू ऐकू येईनासा झाला आहे.

तरी वॅक्सच्या एकाच डब्यात तीच सुरी पुन्हा पुन्हा बुडते, तोवर ग्लोव्ह्जचा उपयोग अर्धाच. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात २०१८ साली बंद पडलेल्या एका स्पामध्ये गिऱ्हाइकाचंच रक्त वापरून, सुयांनी चेहऱ्यावर टोचून केलेल्या फेशियलमुळे काही स्त्रियांना एचआयव्ही झाल्याचं २०२४ च्या सरकारी अहवालात नोंदलं गेलं. तिथे प्रश्न हातांचा नव्हता, साधनांच्या अस्वच्छ वापराचा होता. आणि काम करणाऱ्या मुलींच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट ग्लोव्ह्जइतकीच गरजेची आहे, हेपेटायटिस बीची लस. सरकारी बाल-लसीकरणात ती देशभर आली २०११ साली. आज पार्लरमध्ये उभ्या असलेल्या विशी-तिशीतल्या बहुतेक मुली त्याआधी जन्मलेल्या आहेत. सहा महिन्यांत तीन डोस घ्यावे लागतात, आणि मालकिणीने पहिल्या पगाराबरोबर ते देण्याची व्यवस्था करावी, अशी मागणी अजून कुठल्याही आंदोलनात माझ्या कानावर आलेली नाही.