ख्रिस्ती धर्मसंघ व व्रतस्थ समूह

ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन, एका नियमावलीखाली जगणाऱ्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांच्या संस्था. फ्रान्सिसकन बंधूंच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात, त्या याच व्रतांच्या.

कोल्हापुरात मिशन आणि कॉन्व्हेंट सर्रास एकच मानले जातात. ते बरोबर नाही. येथील जुने मिशन प्रॉटेस्टंट. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये येथे आले. पुढे हे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळीकडे गेले. या पंथात धर्मसंघाची परंपरा नाही. पाळक संसारी असतात. अविवाहित मिशनरी बायकांनी शाळा-दवाखान्यांत उभी हयात घालवली, तरी त्या व्रतस्थ नव्हत्या. त्यांच्या त्यागाचे मोल याने तसूभरही कमी होत नाही. होली क्रॉससारख्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मात्र कॅथलिक व्रतस्थ परंपरेतल्या. सेंट झेवियर्स हे नाव ज्यांच्यावरून पडले ते फ्रान्सिस झेवियर येशूसंघाच्या (जेझुइट संघाच्या) पहिल्या सभासदांपैकी.

कॅथलिक संघांतही एकसारखेपणा नाही. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीने प्रार्थना आणि अंगमेहनत यांची सांगड घातली. तिचे मठवासी आयुष्यभर एकाच मठाशी बांधलेले राहतात. तेराव्या शतकात फ्रान्सिसकन आणि डॉमिनिकन भिक्षू मठाबाहेर पडून शहरांत आले. १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या येशूसंघाने समूहप्रार्थनेचे बांधलेले वेळापत्रकच सोडले, म्हणून त्याच्या सभासदांना शिकवण्यासाठी कुठेही धाडता आले. मदर तेरेसांच्या सिस्टर (१९५०) गरिबांतल्या गरिबांच्या विनामूल्य सेवेचे चौथे व्रत घेतात. व्हिन्सेंट द पॉल यांच्या सेवाभगिनी (१६३३) व्रते कायमची घेत नाहीत, दरवर्षी नव्याने घेतात. १९४७ मध्ये रोमने मान्य केलेल्या ‘सेक्युलर इन्स्टिट्यूट’ प्रकारच्या संस्थांचे सभासद तर व्रते पाळून स्वतःच्या घरी राहतात, नोकरी करतात. शेजाऱ्यालाही पत्ता नसतो.

ऑर्थोडॉक्स पंथात असे वेगवेगळे संघ नाहीत, मठच आहेत. ग्रीसमधल्या ॲथॉस पर्वतावर त्यांतले वीस प्रमुख. प्रॉटेस्टंटांनी बहुतांशी ही परंपरा मोडली. तरी अँग्लिकनांत, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथात, ती एकोणिसाव्या शतकात पुन्हा रुजली आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या भगिनी पुण्यात आल्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेजलाच झाला. फ्रान्समधल्या तेझे येथील समूहात (१९४०) प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक बंधू एकत्र राहतात.

मराठी मुलुखाने या परंपरेला आश्रमाचे रूप दिले, याची दखल परदेशी ग्रंथांत फारशी घेतली जात नाही. अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात (१९२२) खादी होती, जमिनीवरची बैठक होती, शाकाहारी जेवण होते. त्याआधीच नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ (१९१७) भरवला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मठाची भिंतच नसलेली ही कल्पना फार मोठी होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तिला वाढायला अवधी मिळाला नाही.

आज युरोपातील अनेक संघांत तरुण सभासद कमी होत आहेत. नव्या भरतीचा मोठा वाटा आशिया आणि आफ्रिकेतून येतो.