सेन्सर बदलण्याआधी ऑईल बघा

भाच्याची सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी चोर्ला घाट दणक्यात चढली आणि वर चहाला थांबल्यावर थरथरून बंद पडली. चेक इंजिनचा दिवा लागला. बेळगावात एका गॅरेजनं स्कॅनर लावला, पी-००११ हा कोड बघितला आणि कॅमचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या शाफ्टचा, सेन्सर बदलला. आठवड्यात दिवा पुन्हा हजर. कोडमध्ये कॅम दिसला की सेन्सरवर खापर फोडायचं, हे मला फार खटकतं. कोड एवढंच सांगतो की कॅम हवा त्यापेक्षा पुढे जाऊन बसलाय, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेआधी उघडतोय. का, ते आपण शोधायचं.

मुळात कॅम सरकवायचाच कशाला? ६००० आरपीएमला हवा ओढायला पिस्टनला जेमतेम ५ मिलिसेकंद मिळतात. पण वेगात आलेली हवा पिस्टन वर वळला तरी आत घुसत राहते, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जरा उशिरा मिटलेला बरा. खानापूरच्या बसमध्ये गर्दी रेटत असताना कंडक्टरनं दार क्षणभर उशिरा लावलं तर चार माणसं जास्त मावतात, तसं. कमी आरपीएमला तो रेटाच नसतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते.

ही वेळ बदलतो कॅमच्या टोकावरचा फेझर. त्याचं बाहेरचं कडं टायमिंग चेन फिरवते, आतला पात्यांचा गाभा कॅमला घट्ट जोडलेला. पात्यांच्या एका अंगाला दाबाखालचं ऑईल सोडलं की गाभा काही अंश पुढे सरकतो, दुसऱ्या अंगाला सोडलं की मागे. आणि हे ऑईल वेगळं नाही, इंजिनाचं वंगणच! ते कुठल्या अंगाला जायचं, हे सोलेनॉइड व्हॉल्व्हमधली (करंटवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमधली) एक बारीक दांडी मागेपुढे होऊन ठरवते.

उद्यमबागेतल्या मिस्त्रीनं आधी विचारलं, "सेन्सर ऱ्हाऊ दे, ऑईल कधी बदललंय सांग की." भाच्याला ठाऊकच नव्हतं. गाडी आयडलवर, म्हणजे उभ्या जागी नुसती चालू, असताना स्कॅनरवर मागणी ० अंशांची आणि कॅम १८ वर. एवढा पुढे गेलेला इनटेक व्हॉल्व्ह एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायच्या आत उघडतो, जळका वायू आत शिरतो, म्हणून ती थरथर. मिस्त्रीनं सोलेनॉइडची वायर काढली. करंट गेला की स्प्रिंगनं दांडी मागे यायला हवी आणि कॅम शून्यावर. आला नाही. म्हणजे दोष वायरिंगमध्ये नव्हता, काहीतरी अडकलं होतं.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह बाहेर काढला. मीटरवर कॉइल ७.४ ओहम, म्हणजे ठीक. बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर दिले, तरी 'टक्' आवाज नाही. त्याच्या नखाएवढ्या जाळीवर डांबरासारखा काळा गाळ बसला होता. टर्बोच्या उष्णतेनं जुनं ऑईल करपतं आणि असा गाळ होतो. घरी कुणी दृष्ट लागली म्हणून लिंबू उतरवायला सांगितलं होतं. गाळ दृष्टीनं साचत नाही, न बदललेल्या ऑईलनं साचतो. ऑईलमध्ये ओतायच्या जादूच्या बाटल्यांवरही पैसे घालवू नका.

नवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ऑईल, नवा फिल्टर, आणि थोड्याच किलोमीटरवर पुन्हा एकदा ऑईल बदल. कॅम शून्यावर आला. एवढ्यानं आला नसता, तर चेनचं कव्हर उघडून ताणलेली चेन आणि फेझर तपासावा लागला असता. ते काम महागाचं. म्हणून थंड इंजिन सुरू करताना पहिले एक-दोन सेकंद बॉनेटजवळ कान द्या: खडखड आली, तर ऑईलचा दाब येईपर्यंत फेझर जागेवर धरणारी पिन झिजलेली असू शकते.