‘अमुक टक्के काम झालं’: या वाक्यामागची गोष्ट

पर्वरीला उड्डाणमार्गाचं काम सुरू झाल्यापासून म्हापसा-पणजी बसमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो: ‘किती टक्के झालं?’ खिडकीतून खांब मोजत कुणीतरी छातीठोक आकडा सांगतो, दुसरा तो लगेच खाली ओढतो. नेमकं काय मोजायचं, हे मात्र कुणीच विचारत नाही. पर्वरीचा पैसा केंद्राचा आहे. तरी टक्क्यांत बोलण्याच्या या सवयीवर परदेशी कर्जातून झालेल्या रस्त्यांचा मोठा ठसा आहे.

जागतिक बँकेची सवलतीची कर्जं देणारी शाखा, आंतरराष्ट्रीय विकास संघटना, हिचं अगदी पहिलं कर्ज मे १९६१ मध्ये होंडुरासला मिळालं, तेही महामार्गांसाठी. पुढच्याच महिन्यात भारताला महामार्गांसाठी ६ कोटी डॉलर मंजूर झाले. गोव्याला त्याचा उपयोग नव्हता; इथून पोर्तुगीज जायला अजून सहा महिने होते. पुढे गोव्याच्या वाट्याला आलेलं मोठं परदेशी कर्ज, २००७ चं जपानी, तेही रस्त्यासाठी नव्हतं. ते साळावली धरणाच्या पाण्यासाठी आणि मलनिस्सारणासाठी होतं.

आपल्या साबांखाकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, मोजणीची पद्धत आधीपासून होतीच: मोजमाप पुस्तक, अर्थात ‘एमबी’. पानांवर छापील क्रमांक, पान फाडायची सोय नाही, नोंद शाईने, चुकलेला आकडा खोडून वर सही. कनिष्ठ अभियंता टेप धरून लांबी, रुंदी, जाडी लिहितो, वरचा अधिकारी तपासतो आणि त्यावरून ठेकेदाराचं चालू बिल निघतं. गैरव्यवहार काय तिथे होत नाहीत असं नाही, पण वही चोख. फक्त ती मागचं सांगते. किती झालं ते कळतं. उरलेलं कधी होईल हे तिला विचारून उपयोग नाही.

कर्ज देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कर्जाला मुदत असते, आणि मंजूर होऊन न उचललेल्या रकमेवरही बऱ्याच कर्जांत आकार भरावा लागतो. शिवाय तो बसलेला वॉशिंग्टनला, नाहीतर मनिला किंवा टोकियोला. खडी त्याला दिसत नाही. १९५७ साली सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, ‘फिडिक’चा, नमुना करार छापून आला. त्यात मालक आणि ठेकेदार यांच्यामध्ये ‘इंजिनिअर’ नावाचा तिसरा माणूस बसवलेला होता: काम तपासणारा, बिल प्रमाणित करणारा. कुठलं काम अडलं की अख्खा प्रकल्प अडतो हे दाखवणारी ‘क्रिटिकल पाथ’ची रीतही त्याच सुमाराची. या दोन्हींतून मासिक प्रगती अहवाल घडत गेला, आणि त्यात शेजारी शेजारी दोन रकाने आले: भौतिक प्रगती आणि आर्थिक प्रगती.

गोम इथेच आहे. भौतिक प्रगतीचा टक्काही बहुतेक वेळा पैशाच्या वजनानेच काढतात. मातीकाम, पूल, डांबराचे थर ही महागडी कामं, त्यामुळे ती झाली की आकडा भराभर चढतो. गटार, पदपथ, बसथांबा, सर्व्हिस रोडचा शेवटचा तुकडा यांचं वजन नगण्य. म्हणजे अहवालात पंचाण्णव टक्के झालेला रस्ता आणि दारात पावसाचं पाणी तुंबलेली बाई, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. आमच्या गल्लीत एकदा कुठलीशी वाहिनी टाकली. बिलात पाइप टाकणं वेगळं कलम, रस्ता पूर्ववत करणं वेगळं. पहिलं कलम पुरं झालं. दुसऱ्याच्या जागी लाल माती पडली, आणि मिरगाच्या पहिल्या सरीत दुधाच्या टेम्पोचं चाक तिच्यात अर्धं गेलं.

मोजणीत माणसं आली ती भांडणातून. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या, नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकल्पाची चौकशी करणाऱ्या मोर्स समितीने १९९२ मध्ये कठोर अहवाल दिला. पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज नाकारलं आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकणारं तपासणी मंडळ नेमलं. याची धग मुंबईला लागली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात विस्थापितांच्या तक्रारी या मंडळापुढे गेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांसाठीचे पैसे थांबवले. ते सुटले जूनअखेरीस. पैसे अडले ते डांबराच्या दर्जावरून नव्हे, पुनर्वसनावरून. गोव्यात हा पुनर्वसनाचा रकाना भरणं आणखी कठीण. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामायिक संस्थेची) किंवा भाटकाराची (जमीनमालकाची), घर त्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचं, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावरची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतली, नावं आजोबांच्या वेळची.

रस्ता झाल्यावर तो चालतो कसा, हेही मोजतात. १९८२ साली ब्राझीलमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगातून खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक आला. दर किलोमीटरला गाडी किती मीटर वरखाली होते, असा त्याचा ढोबळ अर्थ. २०२१ पासून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने आपल्या कामांचं दरमहा ड्रोनने चित्रण सक्तीचं केलं आहे. ड्रोनला खांब स्पष्ट दिसतात. काँक्रीटची ताकद मात्र अजूनही प्रयोगशाळेत ठोकळा दाबून फोडूनच कळते, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.