वेठबिगार मुक्ती प्रमाणपत्र कसे मिळवायचे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर किंवा ऊसतोडीला अडकलेल्या माणसाला सोडवून आणणे एक वेळ जमते. तो वेठबिगार होता हे सरकारी कागदावर आणणे त्याहून अवघड जाते. तो कागद म्हणजे मुक्ती प्रमाणपत्र. ते नसेल तर पुनर्वसनाचा प्रस्ताव पुढे सरकत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच रुतते.

अर्ज कुठे करायचा हे सोपे आहे. ज्या जिल्ह्यात काम चालू होते तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर तक्रार द्या. कायद्यात तक्रारीचा ठराविक नमुना नाही. कुणी ‘आमच्या फॉर्मवरच आणा’ म्हणाले तर फॉर्म मागा, पण हातातली तक्रार आवकला लावून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. तक्रार मजुरानेच द्यावी असेही नाही. नातेवाईक, कार्यकर्ता, संघटना, कुणीही देऊ शकते. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ च्या कलम १२ नुसार चौकशी करणे हे जिल्हाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे.

आता पात्रता. ‘साखळदंड नव्हते, मोबाईल होता, बाजाराला जात होते, म्हणजे वेठबिगार नाहीत’ असे चौकशी अहवालात सर्रास लिहिले जाते. कायदा असे काही म्हणत नाही. उचल किंवा कर्ज घेतले (ते कागदावर असो वा नसो) आणि त्यापायी पुढच्या चारपैकी एक गोष्ट घडली, तरी पुरे: मजुरी मिळाली नाही किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळाली, दुसरीकडे काम करायची मुभा गेली, मोकळेपणी फिरायचा हक्क गेला, आपली वस्तू बाजारभावाने विकता आली नाही. चारही लागत नाहीत. म्हणून जबाब देताना ‘हिशेब होईपर्यंत दुसऱ्या मालकाकडे जाऊ देत नव्हते’ हे वाक्य सुटू देऊ नका. मारहाण झाली असेल तर ती सांगायचीच, पण नुसत्या मारहाणीवर भर दिला की प्रकरण साध्या भांडणाच्या कलमांत जाते आणि वेठबिगारी बाजूला राहते.

सगळ्यात जास्त मागितला जातो तो उचलीचा पुरावा, आणि तो कुणाकडेच नसतो. मुकादम पावती देत नाही. दिलीच तर कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन स्वतःपाशी ठेवतो. कलम १५ इथे कामाला येते: हे कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर, म्हणजे मालकावर आहे. बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले की सक्तीने राबवून घेतले जात आहे असे दिसले, तर त्यामागे उचल आहे असे गृहीत धरायचे. अर्जात या दोन्हींचा उल्लेख करा. सोबत जे असेल ते जोडा: मुकादमाचे मेसेज, भट्टीवरचा फोटो, न्यायला आलेल्या गाडीचा नंबर, पोरांची शाळेतली गैरहजेरी, आठवड्याच्या खर्चीची (जेवणखाणासाठी दिलेल्या पैशांची) वहीतली नोंद. यातले काहीच नसेल तरीही अर्ज करा.

जबाब मालक किंवा मुकादम समोर उभा असताना घेतला जात असेल, तर तिथेच लेखी हरकत घ्या. त्याच्या देखत ‘आम्ही राजीखुशीने आलो’ हेच निघणार, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. दुसरा सापळा तडजोडीचा. थकलेली मजुरी हातावर ठेवून, टेम्पोत बसवून गावी पाठवतात आणि ‘वेतनाचा वाद मिटला’ असा शेरा मारून फाईल बंद होते. मजुरी जरूर घ्या, ती हक्काची आहे. तडजोडनाम्यावर मात्र अंगठा देऊ नका.

प्रमाणपत्र हातात आले की आनंदात तसेच घरी नेऊ नका, तिथेच उभे राहून वाचा. प्रत्येक माणसाचे वेगळे प्रमाणपत्र हवे. ‘अमुक व कुटुंबीय’ असे लिहिले की बाईचे नाव गेले म्हणून समजा. ऊसतोडीत कोयता, म्हणजे मजुरांची जोडी, नवरा-बायको दोघांचा असला तरी उचल पुरुषाच्या नावावर लिहितात, तीच सवय सरकारी कागदात उतरते, आणि नुकसान मोठे होते. कारण केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख रुपये आहेत, तर स्त्रिया आणि मुलांना २ लाख. मानवी तस्करी, कुंटणखाने, प्लेसमेंट एजन्सी यांतून सोडवलेल्या बायका-मुले, तसेच तृतीयपंथी आणि दिव्यांग यांच्यासारख्या अतिवंचित प्रकरणांत ३ लाख. सगळे एकदम हातात पडत नाही: २ लाखांतले किमान सव्वा लाख वार्षिकी योजनेत, म्हणजे ठरावीक काळाने थोडी थोडी रक्कम देणाऱ्या ठेवीत, ठेवले जातात. ‘पैसे खाल्ले’ म्हणून कचेरीत भांडायला जाण्यापूर्वी हे तपासा. नावाचे स्पेलिंग आधार आणि बँक पासबुकाशी जुळते का, जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का आहे का, हेही पाहा. गावी गेल्यावर दुरुस्तीसाठी परत येणे परवडत नाही.

तातडीची मदत वेगळी आहे. ती ३० हजार रुपयांपर्यंत असते (जानेवारी २०२२ पूर्वी २० हजार होती) आणि तिचा मालकाला शिक्षा होण्याशी संबंध नाही. ‘कोर्टाचा निकाल आणा’ हे उत्तर या रकमेपुरते सरळ चुकीचे आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताशी यासाठी किमान १० लाखांचा कायम निधी असावा असे योजनाच सांगते, त्यामुळे ‘वरून पैसे आले नाहीत’ हे ऐकून परत फिरू नका. मोठ्या रकमेचे वाटप मात्र खटल्याशी जोडलेले आहे. तरीही प्रथमदर्शनी वेठबिगारी दिसत असेल तर शिक्षेच्या तपशिलाअभावी प्रस्ताव अडवता येत नाही. प्रस्ताव अडवणे आणि अंतिम वाटप थांबणे यांतला फरक टेबलावर बसलेल्यांनाही समजावून सांगावा लागतो.

मुदतीचा घोळही असतो. पळून आलो म्हणजे संधी गेली, असे नाही. पण या गुन्ह्यांना कमाल शिक्षा तीन वर्षांची असल्याने न्यायालयात दखल घेण्यालाही तीन वर्षांची मर्यादा लागते, आणि भट्टीचा हंगाम संपला की पुरावा पावसाआधीच पांगतो. तेव्हा लवकर केलेले बरे.

काम एका जिल्ह्यात आणि घर दुसऱ्यात असेल तर प्रमाणपत्र कामाच्या जिल्ह्यातून घ्यायचे, पुनर्वसन घरच्या जिल्ह्यातून. दोन कचेऱ्या एकमेकांकडे बोट दाखवतात. पत्रव्यवहाराची प्रत दोन्हीकडे देत राहा. घरच्या जिल्ह्यातल्या दक्षता समितीच्या (याच कायद्याखाली नेमलेली समिती) नोंदवहीत नाव चढले का, तेही विचारा. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वेठबिगारीच्या बळींना तो मोफत आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

ठेकेदारामार्फत माणसे घेणाऱ्या छोट्या सफाई, सुरक्षा किंवा केटरिंगवाल्यांनाही एक सांगणे. कंत्राटी आणि परराज्यातून आणलेले मजूरही याच कायद्यात येतात, १९८५ च्या दुरुस्तीपासून. ठेकेदाराने मजुरांची आधार कार्डे आणि एटीएम आपल्याकडे ठेवली असतील, तर ‘तो त्याचा विषय’ म्हणून हात झटकू नका. ती आधी परत करायला लावा आणि पगार थेट खात्यावर टाका.

सुटका झाल्यावर मुकादम उचल मागायला दारात येतोच. कलम ६ नुसार ते कर्ज संपलेले आहे, आणि कलम ९ नुसार त्यापोटी एक रुपया जरी घेतला तरी तो गुन्हा आहे. पैसे देऊ नका. तो आल्याची तारीख लिहून ठेवा आणि प्रमाणपत्राची प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज द्या.