गुंठ्याला १०८९ रोपं

तळ्याकाठी पाणवनस्पती लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, रोपं किती मागवायची? हिशेब सोपा आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. फुटाफुटावर रोप लावलं तर १०८९ लागतात, तीन फुटांवर लावलं तर १२१. विकणारा फुटाचा आग्रह धरतो, त्याचं काय चुकलं म्हणा! काठ ढासळत असेल तर दाट लावण्यात अर्थ आहे. एरवी वेखंड, देवनळ यांसारख्या वनस्पती जमिनीखालून कंद पसरत आपली जागा आपणच भरतात. तिथं दाटी करणं म्हणजे पैसे पाण्यात, तेही तळ्याच्या.

खरी गोम नावात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात रोप मराठीत मागा किंवा कन्नडमध्ये. वेखंड म्हणजेच ‘बजे’, वाळा म्हणजेच ‘लावंच’, एवढं आपल्याकडं बहुतेकांना कळतं. घोळ होतो लव्हाळ्याशी. ओढ्याकाठी पुरात वाकून पुन्हा उभी राहणारी, तिकोनी दांड्याची ती लव्हाळी. आणि शेतकरी ज्याच्या नावानं बोटं मोडतो तोही लव्हाळाच, म्हणजे सायपरस रोटंडस. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या ओवलेल्या असतात. खुरपलं की माळ तुटते आणि सुटलेली गाठ नवा कोंब काढते. येळ्ळूर-वडगावच्या भातशिवाराला लागून ही माळ कुणी विकत आणून लावली, तर शेजारचा शेतकरी जन्मभर नाव काढेल. म्हणून मोठी मागणी नोंदवताना शास्त्रीय नाव लिहून द्यावं. सायपरसच्याही पुष्कळ जाती आहेत, तेव्हा पूर्ण नाव.

नाव बरोबर असलं तरी रोप कुठल्या पाण्यात वाढलं हे विचारावं लागतं. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पाणवनस्पती तो पानांतून खाली मुळांकडं नेतात, आतल्या हवेच्या पोकळ्यांमधून. कमळकाकडी आडवी कापली की दिसणारी भोकं म्हणजे याच पोकळ्या. ओलसर मातीच्या पिशवीत वाढलेल्या रोपात त्या पुरेशा झालेल्या नसतात. असं रोप एकदम फूटभर पाण्यात उभं केलं तर गुदमरतं. आधी काही आठवडे चिखलात, मग उथळ पाण्यात ठेवलेलं रोप घ्यावं, आणि लावल्यावर पानांची टोकं पाण्याबाहेर राहतील असं बघावं. यामुळंच आपल्याकडं ऐन जूनमध्ये लागवड करणं धोक्याचं. चार दिवस पाऊस लागला की तळं चढतं आणि रोपं बुडतात. पाणी उतरू लागल्यावर, पण काठ ओला असताना लावलेली बरी. पाणकणसाचं रान माजलं तर हेच तत्त्व उलटं वापरतात: दांडे पाण्याखाली कापायचे, हवेची वाट बंद होते आणि कंद कुजतो.

हजार रोपं एका दिवसात तयार मिळाली तर मला जरा शंकाच येते. एकाच कंदाचे तुकडे करून वाढवलेली हजार रोपं म्हणजे एकाच रोपाच्या हजार प्रती. एक रोग आला की सगळा काठ एकदम बसतो. वेखंडाचं तर बी सहसा धरतच नाही, म्हणून त्याचे कंद तरी निरनिराळ्या तळ्यांवरचे, शक्यतो मलप्रभा-मार्कंडेय खोऱ्यातलेच असावेत.

शिवाय रोपाबरोबर पाहुणे येतात. कुंडीतल्या पाण्यात जलपर्णीचं बोटभर रोप असलं तरी पुरे, उबदार, सांडपाण्यानं पोसलेल्या पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठच्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको. मुळं धुऊन घ्यावीत, कुंडीतलं पाणी तळ्यात ओतू नये.

पण मागणी देण्याआधी फुकटातला एक प्रयोग करावा. काठावरचा वरचा दोन इंच गाळ चार-पाच ठिकाणांहून घ्यायचा, उथळ घमेल्यात पसरायचा, उजेडात ठेवून सतत ओला राखायचा. पाणवनस्पतींचं बी गाळात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि ओल-उजेड मिळताच उठतं. दीड-दोन महिन्यांत घमेल्यात लव्हाळी, पाणगवतं उगवली तर विकत घ्यायची यादी तेवढी आखूड होते. गाळ जुन्या जलपर्णीखालचा असेल, तर तिचीही पिल्लं वर येऊ शकतात. मग रोपं थांबवून आधी तिचा बंदोबस्त करायचा.