खोक्यांतून आलेले संत: नागपूरच्या चर्च-कॉन्व्हेंटांतल्या जुन्या सामानाची पार्श्वभूमी

विदर्भात ‘पोरगं कॉन्व्हेंटला जाते’ याचा अर्थ ते केजी-वनला आहे, एवढाच. गल्लीतल्या दोन खोल्यांच्या बालवाडीलाही इथे कॉन्व्हेंट म्हणतात आणि पाटीवर गणपतीचं नाव असलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे व्रतस्थ सिस्टरांचा मठ, मागे पडला. त्याबरोबर त्या मठांतलं आणि कॅथलिक चर्चमधलं जुनं सामानही नजरेआड झालं. वेद्या, पुतळे, चांदीचे प्याले, जरीचे झगे, सागवानी बाकं, लॅटिन ग्रंथ... हे सगळं ‘वारसा’ या शब्दात बसतं, हे नागपूरकराच्या सहसा मनातही येत नाही.

याला कारण आहे. ख्रिस्ती कला म्हटलं की आपण गोव्याकडे बघतो. तिथलं हस्तिदंती, सोनेरी काम जुनं. त्याचं संग्रहालय 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, उघडलं आणि पुढे जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटात गेलं. मुंबईच्या महाधर्मप्रांताचंही संग्रहालय गोरेगावात आहे. उरलेल्या महाराष्ट्राची पोर्तुगीज चर्चशी ओळख घंटांपुरती. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली आणि तिथल्या घंटा देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, आणि वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मारिया आजही दिसते. नागपूरच्या सामानाला असला पराक्रमाचा इतिहास नाही. ते लुटीतून आलं नाही, पोर्तुगीजांकडूनही आलं नाही. ते एकोणिसाव्या शतकात लाकडी खोक्यांत भरून, भाडं देऊन आलं.

सुरुवात नागपुरात नाही, कामठीत होते. कन्हानच्या काठी 1821 मध्ये छावणी बसली. फौज मद्रासची, त्यामुळे गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक आणि छावणीच्या आसऱ्याने आलेल्यांत तमिळ ख्रिस्ती. अशा ठिकाणी चर्चचं सामान म्हणजे पेटीत मावेल तेवढंच: एक क्रूस, एक प्याला, दोन मेणबत्तीदाण्या, प्रार्थनेचा ग्रंथ.

मग 1845 मध्ये आनसीचे मिशनरी भारतात उतरले, विशाखापट्टण त्यांचं केंद्र झालं आणि नागपूर-कामठीचा मुलूखही त्यांच्या वाट्याला आला. त्यांना आपण सरसकट फ्रेंच म्हणतो, पण आनसी ज्या साव्हॉय प्रांतात आहे तो 1860 पर्यंत फ्रान्समध्ये नव्हताच, सार्डिनियाच्या राजाकडे होता. हा नुसता भूगोलाचा कीस ​​नाही. फ्रान्सच्या चांदीवर 1838 पासून मिनर्व्हा देवीच्या मुखवट्याचा ठसा असतो. एखाद्या जुन्या प्याल्याच्या बुडाशी तो ठसा निघाला, तर निदान दोन गोष्टी कळतात: वस्तू फ्रान्सची आहे आणि 1838 च्या आधीची नाही. आमच्या सराफा ओळीतला कुणीही जाणता सराफ भिंगातून पाच मिनिटांत एवढं सांगेल. त्याच्याकडे प्याला न्यायचं कुणाला सुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

या मिशनऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणजे फ्रान्सिस डी सेल्स (1567–1622). जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांच्या हातात, म्हणून राहिले आनसीत. पुतळा ओळखायचा तर टक्कल, भरघोस दाढी आणि हातात पुस्तक किंवा लेखणी. पोपनी 1923 मध्ये त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरवलं. नागपूरच्या सदर भागातून रोज जाणाऱ्या आम्हा पत्रकारांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

नागपूरचं चित्र पालटलं ते 1854 नंतर. राज्य खालसा झालं आणि भोसल्यांचे हत्ती, घोडे, दागदागिने लिलावात गेले. एक जुना संग्रह असा विस्कटत असतानाच दुसरा हळूहळू जमू लागला. 1861 मध्ये मध्य प्रांताची राजधानी, 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे, 1869 मध्ये सुएझचा कालवा. या तीन तारखा एका ओळीत ठेवल्या की खोकी कशी आली ते समजतं. ज्या मालाला आधी आफ्रिकेला वळसा आणि मग बैलगाडीचा रस्ता होता, तो आता मार्सेलच्या बंदरातून मुंबईत आणि तिथून थेट नागपूर स्टेशनवर. सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा 1870 ची आहे, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

खोक्यांत काय असायचं? पॅरिसमध्ये सां-सुल्पीस चर्चच्या आसपास धार्मिक वस्तूंच्या दुकानांची अख्खी पेठ होती. साच्यातून काढलेले प्लास्टरचे संत, वर रंग, कडेला सोनेरी नक्षी. कॅटलॉगात उंचीप्रमाणे भाव. जगभरच्या मिशनांनी तिथून माल मागवला. लूर्दची माता हे त्यातलं सर्वांत परिचित उदाहरण. लिओंचे शिल्पकार फाबिश यांनी संगमरवरात घडवलेली मूळ मूर्ती 1864 मध्ये लूर्दच्या गुहेत बसली. जिला तिथे मारियेचं दर्शन झालं त्या बर्नादेतला ती काही पटली नाही, तरी पांढरा झगा आणि निळा पट्टा असलेली तीच मूर्ती साच्यात गेली आणि गावोगावच्या कृत्रिम गुहांत जाऊन उभी राहिली. कलासमीक्षक या मालाला नाक मुरडतात. पण नाक मुरडल्यामुळेच त्याची नोंद राहिली नाही. आपल्याकडे रवि वर्म्याच्या छापील देव-देवतांचं बराच काळ हेच झालं. आज तीच चित्रं लोक जपून ठेवतात.

जड लाकूडकाम मात्र जहाजातून आणण्यात अर्थ नव्हता. चांद्याच्या जंगलाचं सागवान दाराशी होतं. घाट युरोपचा, लाकूड गोंडवनातलं आणि हात इथल्या सुताराचा, असा मेळ बाकांत, पापनिवेदनाच्या पेटीत, झगे ठेवायच्या रुंद कपाटांत बसला. एका खुर्चीचा इथे वेगळा मान आहे. नागपूर 11 जुलै 1887 रोजी विशाखापट्टणपासून वेगळा धर्मप्रांत झाला आणि अलेक्सी रिकाझ पहिले बिशप. ‘कॅथेड्रल’ हा शब्दच ‘काथेद्रा’ म्हणजे बिशपच्या आसनावरून आला आहे. चर्च कितीही मोठं असो, ते आसन नसेल तर ते कॅथेड्रल नाही. आपल्याकडच्या गादीसारखंच हे.

मठांचा वाटा प्रामुख्याने कापडाचा. वेदीवरची लेस, झग्यांवरचं भरतकाम हे सिस्टरांच्या आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलींच्या हातचं. रंग ठरलेले: सणाला पांढरा किंवा सोनेरी, हुतात्म्यांना लाल, उपवासकाळात जांभळा, मयताच्या मिस्सेला (उपासनेला) तेव्हा काळा, एरवी हिरवा. यातले रेशमी झगे आज सर्वांत नाजूक अवस्थेत असतात, आणि दोष नेहमी नागपूरच्या उन्हाचाच नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेशीम वजनदार करण्यासाठी युरोपात ते कथलासारख्या धातूंच्या क्षारांत बुडवत. असं रेशीम घडीवर आपोआप चिरतं. म्हणून जाणकार असा झगा घडी घालून ठेवत नाहीत, सपाट पसरतात किंवा नळीवर गुंडाळतात.

मोठी उलथापालथ झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर (1962–65). लॅटिन जाऊन मराठी-इंग्रजी-तमिळ आली. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, म्हणून वेदी भिंतीपासून पुढे आली. कठडे निघाले, व्यासपीठं निघाली. 1969 मध्ये रोमने भारतासाठी बारा बदल मान्य केले. त्यांत मेणबत्त्यांऐवजी समई, नमस्कार, आरती यांना वाव मिळाला. उपासनेच्या दृष्टीने हे योग्यच झालं, असं मला वाटतं. पण मोठ्या वेदीवरच्या सहा उंच मेणबत्तीदाण्यांचं काय करायचं, हे बहुतेक ठिकाणी कुणी ठरवलं नाही. खरं तर परिषदेच्याच 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात बिशपांना बजावलं होतं की मौल्यवान वस्तू विकल्या किंवा विखुरल्या जाऊ नयेत. 1971 मध्ये रोमला पुन्हा पत्रक काढावं लागलं, यावरून पहिल्याचं काय झालं ते दिसतंच.

आज नियम कमी नाहीत. 1983 च्या चर्च-कायद्यानुसार मालमत्ता सांभाळणाऱ्याने मौल्यवान आणि सांस्कृतिक वस्तूंची वर्णनासह यादी करायची; पूज्य आणि मौल्यवान प्रतिमा दुरुस्त करण्यापूर्वी बिशपांची लेखी परवानगी घ्यायची; कलेच्या दृष्टीने मोलाची वस्तू विकायची तर थेट रोमची. पवित्र अवशेष तर विकताच येत नाहीत. डिसेंबर 1999 मध्ये व्हॅटिकनने यादी कशी करायची याचं सविस्तर पत्र धाडलं. आपल्या सरकारचा 1972 चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या कलावस्तूला पुरावस्तू मानतो. हस्तलिखितांना पंचाहत्तरच वर्षं पुरतात. म्हणजे रिकाझ यांच्या काळातल्या कलावस्तूंनी ती मर्यादा 1980 च्या दशकातच गाठायला सुरुवात केली.

तरी वस्तू जातात, आणि जातात त्या चोरीने कमी, श्रद्धेने जास्त. जयंती जवळ आली की कुणी भाविक देणगी देतो आणि संताला ऑइल पेंटचा नवा हात बसतो. तो रंग प्लास्टरमधली ओल आत कोंडतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. जुन्या फरशीवर ग्रॅनाइट येतं. सागवानी बाकं मोडीत निघून स्टीलची येतात, कारण ती पुसायला सोपी. एका जुन्या मठात मी अशी बाकं अंगणात रचलेली पाहिली होती. वाळवी एकाच पायाला होती, बाकी लाकूड खणखणीत. विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या, ‘भाऊ, आम्ही आता तिघीच उरलो. एवढ्या बाकांवर बसायचं कुणी?’